पित्ताची पिशवी

"जीभ," थोरला म्हणाला आणि त्याने ती ठोकळ्यावर आपटली.

"जर्मनमध्ये त्सुंगे," धाकटी म्हणाली. "इंग्रजीत टंग."

त्याने फोनमध्ये पाहिलं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीवर रक्ताचे अंगठे. उत्तरं सगळी त्यात होती. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं आणि निघाला होता बहिणीची परीक्षा घ्यायला. मटणाच्या दुकानाचं शटर अर्धंच वर होतं, गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता.

धाकटीची खरी परीक्षा दुपारी होती. परदेशातल्या एका मांसाच्या कारखान्याला माणसं हवी होती. तिथे खोक्यांवर जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही चिठ्ठ्या लागत, म्हणून जनावराच्या पोटातल्या प्रत्येक गोष्टीचं नाव दोन्ही भाषांत यायला हवं. पास झाली की ती जाणार होती. पण पासपोर्ट दाखवल्याशिवाय परीक्षेला कोणी बसू देणार नव्हतं, आणि पासपोर्ट होता थोरल्याच्या ॲप्रनच्या खिशात. सकाळी तिच्या पर्समधून त्यानेच काढला होता. "एक शब्द चुकलीस की हा विसरायचा," असं वर सांगितलंही होतं.

आई गल्ल्यामागे स्टुलावर बसून पुड्यांसाठी कागद कापत होती, वाचायचा चष्मा कपाळावर. ती मध्ये पडली नाही. या दोघांच्या मध्ये पडून आजवर कोणाचं भलं झालं होतं?

"फुप्फुस."

"लुंगे. इंग्रजीत लाइट्स."

"लाइट्स म्हणजे दिवे. मला येडा समजतेस?"

"लाइट म्हणजे हलकं पण. वजनाला काही भरत नाही म्हणून खाटकांनी दिलेलं नाव आहे ते. बघ की."

त्याने बघितलं. तिचंच बरोबर निघालं, तसा तो जास्त चिडला. ट्रेमधून त्याने कोकराच्या गळ्याजवळची पांढरी मऊ गाठ उचलली.

"ब्रीस," तो विचारायच्या आधीच ती म्हणाली. "इंग्रजीत स्वीटब्रेड."

"गोड पाव. यात गोड काय आणि पाव कुठाय?"

"मला काय विचारतोस, बारशाला मी होते का?"

"जास्त बोलू नकोस. आणि या सगळ्याला मिळून काय म्हणतात?"

"जर्मनमध्ये इनेरायेन. म्हणजे आतलं. इंग्रजीत ऑफल. म्हणजे कापताना खाली पडलेलं."

"इंग्रजांना कळतं मग," थोरला म्हणाला. "बापाने इथे जागा दिली, हातात सुरी दिली, आणि ही चालली खाली पडून दुसऱ्याच्या टोपलीत. तिकडे काय खुर्ची मिळणार आहे तुला? जन्मभर आतडी धुशील."

"इथे मी काय करते? माझ्या हातून एकदा पित्ताची पिशवी फुटली, तर ॲप्रन काढायला लावलास. नियम एका दिवसाचा. माझा ॲप्रन अजून त्या खिळ्याला आहे. तेव्हापासून नळाखाली आतडीच धुतेय."

आईची कात्री थांबली आणि पुन्हा चालू झाली.

थोरल्याने टबात हात घातला आणि अख्खी कलेजी बाहेर काढली. अजून साफ न केलेली, हिरवी पिशवी तशीच लोंबत होती. "ही सांग. कलेजी नाही, ही पिशवी."

धाकटीला इंग्रजी आलं, गॉल ब्लॅडर. जर्मन येईना. काल रात्रीपर्यंत पाठ होतं. तिला भावाचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"बोल की. आता दातखीळ बसली?" त्याने कलेजी तिच्या तोंडासमोर नाचवली. "संपलं. कुठे जात नाहीस तू. चल, नळाखाली हो उभी." आणि पिशवी धरलेली त्याची मूठ आवळली गेली.

हिरवंपिवळं पाणी बोटांतून कलेजीवर उतरलं, तिथून जिभेवर, गुर्द्यांवर, खालच्या ट्रेभर. पित्त लागलेलं मांस कितीही धुतलं तरी कडूच लागतं. सकाळचा सगळा माल गेला.

थोरल्याच्या हातून पिशवी कधीच फुटली नव्हती. कामगारांच्या हातून फुटे, धाकटीच्या हातून फुटली, एकदा खुद्द वडिलांच्या हातूनही. ज्याच्या हातून फुटेल त्याने सुरी ठेवायची, ॲप्रन खिळ्याला लावायचा आणि दिवसभर फरशी पुसायची, हा नियम वडिलांचाच. त्यांनी तो स्वतःही पाळला होता. ते गेल्यावर थोरला सगळ्यांकडून पाळून घ्यायचा.

"आई, हिच्यामुळे झालं हे," तो म्हणाला.

"ॲप्रन काढ."

"अगं, पण पासपोर्ट..."

"पासपोर्टाचं मी काही बोलले का? ॲप्रन काढ."

त्याने मागची गाठ सोडायला घेतली. बोटं बुळबुळीत, गाठ सुटेना. कोणी पुढे झालं नाही. शेवटी त्याने ॲप्रन डोक्यावरून ओढून काढला, बहिणीच्या ॲप्रनशेजारी अडकवला आणि फडकं घेऊन तो गुडघ्यांवर बसला.

धाकटीने त्याच्या ॲप्रनच्या खिशातून पासपोर्ट काढला, बाहीला पुसला. स्वतःचा ॲप्रन खिळ्यावरून काढून घडी करून काखेत मारला. शटरखालून वाकता वाकता ती थांबली.

"गालेनब्लाझे," ती म्हणाली. "बघ बरोबर आहे का."

थोरल्याचे दोन्ही हात पित्तात होते.

आई उठली. ठोकळ्यावरचा फोन तिने उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. चष्मा कपाळावरच होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जा."