टाकीतली टकटक

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला शेवटचा दगड रत्नदीपने उचलून बादलीत ठेवला. कोळंबी काही दिसली नाही.

"सापडली का हो?" रियाने विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

चौक गावाजवळचा हा बंगला तिच्या वडिलांचा. ते गेल्यावर ती आणि तिचा नवरा देवेश इथे राहायला आले. हौसेने प्रवाळांची टाकी मांडली, आणि महिनाभरात तिला टाकीतून टकटक ऐकू येऊ लागली. टाकीची देखभाल करायला दहिवलीहून येणाऱ्या रत्नदीपनेच तिला सांगितलं होतं, की समुद्रातल्या दगडांत लपून एक कोळंबी येते; पंजा आपटून गोगलगायी फोडते, काचेलाही तडा देते. ते ऐकून बाईच्या जिवात जीव आला होता. कारण देवेशच्या मते आवाजबिवाज काही नव्हताच, बायकोचं डोकं फिरलं होतं. सोमवारी तो तिला मनोरुग्णालयात भरती करणार होता.

खरं सांगायचं तर रत्नदीपलाही तो आवाज कधी आला नव्हता. पण त्याच्या आत्याला सासरच्यांनी असंच वेडी ठरवलं होतं, आणि माहेरचे सगळे मूग गिळून बसले होते. ते त्याला अजून सलत होतं.

दगडाच्या भोकात बसली असेल, गोड्या पाण्यात बुडवून बघतो, असं सांगून तो बादली घेऊन मोरीत गेला. तिथे पिशवीतून त्याने एक बाटली काढली. काल नेरळच्या एका गिऱ्हाइकाच्या टाकीत पकडलेली, बोटाएवढी कोळंबी तिच्यात होती. खोटं तर खोटं, कुणाच्या बापाचं काय जातंय!

बाटली पाहिली आणि रियाने ती दोन्ही हातांनी धरली. रडता रडता म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही ना, दादा?"

"नाय ताई. अजिबात नाय."

देवेशने बाटली उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली. मग सोमवारचं राहू दे, म्हणाला. रत्नदीपला इतकं बरं वाटलं, की टाकीत दगड परत मांडताना तो चक्क शीळ घालत होता.

देवेश त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. बाईकच्या हँडलवर हात ठेवून थोडा वेळ घुटमळला.

"बरं झालं सापडली. माझीही झोप उडाली होती," तो हळूच म्हणाला. "तिला सांगू नका हं, पण तो आवाज मलाही येत होता. पहिल्या दिवसापासून."