सवतीचा नंबर

आमच्या कंपनीचे सगळे सर्व्हर सांभाळणाऱ्या सिस्टिमला माझी बायको सहा वर्षं सवत म्हणत आली. कुठलाही सर्व्हर पडला की सवतीचा मला फोन यायचा आणि मी हातातला घास टाकून उठायचो. मागच्या महिन्यात आम्ही सिस्टिम अपग्रेड केली. काय काय बदलणार, त्याची बावीस पानं आली होती. मी ती वाचली नाहीत. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर कोण वाचतं. सतराव्या पानावर लिहिलं होतं की यापुढे फोन कुणाला करायचा, ते ती स्वतःच ठरवेल.

तिने शेजारच्या टेबलवरचा दाढीवाला निवडला. आता तो जेवता जेवता फोन कानाला लावून "आलोच" म्हणत उठतो. ते "आलोच" माझं होतं. मी दाढी वाढवायला घेतली आहे.

काल रविवारी फोन वाजला. स्क्रीनवर 'सर्व्हर'. अर्ध्या रिंगमध्ये उचलला.

"बोल," मी म्हणालो. "त्याला जमणार नाही, हे मला माहीत होतं."

"कपडे वाळत घालायचेत," बायकोचा आवाज फोनमधून आला आणि गॅलरीतूनही. "मीच आहे. माझे तीन फोन उचलले नाहीस, म्हणून सकाळी तुझ्या फोनमध्ये माझा नंबर तिच्या नावाने सेव्ह केला."

मी ओशाळलो. "थांब, परत तुझं नाव टाकतो."

"राहू दे," ती म्हणाली. "सवतीच्या नावाने का होईना, उचलतोस तरी."