बिजागरीचं तेल

सुताराचा घरात एकच हट्ट होता, दार करकरता कामा नये. बायकोला मात्र काळोखे ब्रिटिश भयपट जीव की प्राण. "बाकीच्यांची भुतं किंचाळत येतात, ब्रिटिशांचं भूत सावकाश, करकरत दार उघडतं," ती म्हणायची. "त्यात कसली भीती? बिजागरीला तेल घाला म्हणावं," तो नाक मुरडायचा. तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर महिनाभर टीव्ही बंद झाला, तशी ती हिरमुसली. एका दुपारी ती पट्टी बांधून पडली होती. अचानक खोलीचं दार करकरत सावकाश उघडलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. जड पावलं पलंगाशी येऊन थांबली. "अहो, तुम्हीच ना?" "बिजागरीचं तेल पुसण्यात सकाळ गेली," सुतार ओशाळून म्हणाला. "जमलं का?" त्याने विचारलं. ती खुदकन हसली. "दार झकास. पावलं मात्र नवऱ्यासारखी. पुन्हा या." सुताराने निमूटपणे बाहेर जाऊन आधी चपला काढल्या.