मागावरची मराठी

"नाव काय गं तुझं?" बाईंनी विचारलं.

"सिद्धेश्वरी संगमेश बिराजदार!"

पोरगी एवढ्या जोरात ओरडली की व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. चन्नप्पाला बाईंचा प्रश्न नीट कळला नव्हता, नातीचं उत्तर मात्र लख्ख ऐकू आलं. तो खूश झाला. नाव, बापाचं नाव, आडनाव, काही चुकलं नाही.

एप्रिलात ती कर्नाटकातल्या इंडीकडच्या आजोळाहून सोलापुरात आली, तेव्हा तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. शाळेतून संगमेश तोंड पाडून आला होता. पाणी मागता आलं पाहिजे, काही दुखलं तर सांगता आलं पाहिजे. जूनमध्ये बघू, नाही जमलं तर यंदा बालवाडीतच राहू दे, असं बाई म्हणाल्या होत्या. संगमेश सकाळीच चिंचोळीला कारखान्यात जायचा, सून प्रियंका टॉवेलांना शिलाई मारायला. घरी उरायचा चन्नप्पा. त्याला तरी मराठी कुणी शिकवली होती? अक्कलकोट रोडला तीस वर्षं माग चालवता चालवता ती आली होती.

दोन महिने तो पोरीला घेऊन उंबऱ्यात बसला. ती "नीरु" म्हणाली की तांब्या हातातच धरून ठेवायचा. "पाणी" म्हटल्यावर द्यायचा. एके दुपारी शब्द आठवेना म्हणून ती तहानेनं रडायला लागली. तांब्या तिच्या तोंडाला लावून चन्नप्पाच डोळे पुसत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पाणी".

"आणि वर्गात पोट दुखलं तर काय सांगशील?"

"बाई, माझं पोट दुखायलंय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हिचे कान कधी तपासलेत का?"

चन्नप्पानं कानामागं हात धरला. "आँ?"

बाईंनी मोठ्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. तो खाली बघू लागला.

"तिचे कान चांगले हायत, बाई. माझे गेलेत. मागाच्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाय. आमी सगळे वरडूनच बोलायचो. मी तशीच शिकलो, तिला बी तशीच शिकवली." मग घाईघाईनं म्हणाला, "कन्नड ती लई हळू बोलती. तिची आई सांगती. वरडनं जाईल की. पहिलीत घ्या."

बाई उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि पोरीसमोर उकिडव्या बसल्या. तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

सिद्धेश्वरीनं एकदा अज्जाकडं पाहिलं. मग बाईंच्या कानाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि बोलू लागली.

चन्नप्पा पुढं वाकला. नुसते ओठ हलताना दिसले. पोरगी थांबेना. मध्येच तिनं अज्जाकडं बोट केलं, पुन्हा बोलू लागली. बाई ऐकत होत्या, हसत होत्या. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उठल्या आणि पहिलीच्या रजिस्टरात नाव लिहायला घेतलं.

चन्नप्पाच्या पाठीमागं दुसऱ्या एका पोराची आई दाखला घेऊन उभी होती. तो तिच्याकडं वळला.

"काय म्हनाली ती? बरुबर बोलली न्हवं?"

"मलाबी न्हाय आलं ऐकू," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "लई हळू बोलली."

"व्हय?" चन्नप्पा म्हणाला, आणि पुन्हा पोरीच्या मिटलेल्या ओठांकडं बघत राहिला.