तिसरा उंचवटा

काल सकाळी शेडमधल्या झाडून सगळ्या कोंबड्या मरून पडल्या होत्या, आणि एवढ्या मारून कोल्हिणीने नेली होती एकच. पोल्ट्रीवाल्याचं डोकं फिरलं. संध्याकाळी त्याने तिला कुंपणाशी गाठलं आणि तिच्या पिल्लांच्या देखत फावड्याने ठेचलं.

"अहो, पुरे! मेली ती," बायको ओरडत राहिली, तरी त्याचा हात थांबेना. फावडं हिसकावताना तिचंच बोट कापलं. मग त्यानेच चिंधी बांधली, खाद्याच्या पोत्याला मारतो तशी दुहेरी गाठ मारून.

आज जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. परसात मातीचे तीन ताजे उंचवटे होते. कोल्ह्यांची रीत त्याला ठाऊक होती: उरलेलं मांस पुरायचं, एका खड्ड्यात एकच घास, आणि वरून नाकाने माती दाबायची.

"अहो, चहा गार होतोय," स्वयंपाकघरातून हाक आली.

"आलो गं."

पहिल्या खड्ड्यात कोंबडीचं मुंडकं निघालं. दुसऱ्यात त्याच्या कुत्र्याचा पंजा.

"अहो, चहा गार होतोय." तोच सूर, तोच हेल.

"आलो म्हटलं ना! आणि तू बाहेर येऊ नकोस."

उकिडवं बसून त्याने तिसरा खड्डा हातांनीच उकरला. माती अजून उबदार होती. आत मनगटापासून कुरतडून तोडलेला हात होता. बोटाला चिंधी होती, चिंधीला दुहेरी गाठ.

"अहो, चहा गार होतोय."

या वेळी हाक त्याच्या पाठीमागून आली, जमिनीपासून हातभर उंचीवरून.