तिकडे काय दाखवतायत?

"बंद करा तो टीव्ही," हातातली चादर टाकून तो खेकसला. "आमची बदनामी करायला ह्यांना निमित्तच हवं असतं."

परदेशातल्या त्या हॉटेलच्या धोबीखान्यात टीव्हीवर त्याच्याच गावची नदी दिसत होती. पाणी पुलाला टेकलं होतं. वरचं धरण कधीही फुटेल, असं इथली बातमीदार सांगत होती. चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईने विचारलं, "तुमचं गाव ना हे?"

"जुनी चित्रं आहेत ती."

बाईने खाली पडलेलं टोक उचललं. मायदेशाबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की हा अंगावर यायचा. सगळे त्याला गमतीने राजदूत म्हणायचे आणि त्याला ते मनातून आवडायचं. देशात असताना त्याने बातम्या कधी धड पाहिल्या नव्हत्या. इथे आल्यावर मात्र आपलं चॅनेल त्याला घरच्या माणसासारखं वाटू लागलं होतं. आताही त्याने मोबाइलवर तेच लावलं. मंत्री धरणाच्या भिंतीवर उभे राहून हसत होते. परिस्थिती आटोक्यात होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

"आईला घेऊन मामाकडे जावं म्हणतोय. पण तिचे गुडघे तुला माहीत आहेत. तिकडे काय दाखवतायत?"

त्याने टीव्हीकडे पाठ केली.

"काही नाही रे दादा. सगळं आटोक्यात आहे. तिला उगाच हलवू नकोस, घरीच थांबा."

"बरं झालं तुला विचारलं," दादा म्हणाला.

त्यानंतर घरचा फोन लागेनाच. लागला तेव्हा तो पुन्हा चादरींच्या ढिगाशीच उभा होता. दादाच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. पाणी अचानक घरात शिरलं. आईला जिन्यावरून गच्चीत नेता नेता हात सुटला. आई गेली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईने पुढे केलेलं चादरीचं टोक त्याला दिसलंच नाही.

"दादा, मी मनाचं नाही रे सांगितलं," तो कसाबसा म्हणाला. "आपल्या चॅनेलवर तसंच सांगत होते."



"आपलं चॅनेल तर घरात चालूच होतं. त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून तर तुला विचारलं."