जिथे अडेल तिथे

"अगं, पुस्तकाची पार वाट लावलीस!" दहावीतल्या लेकीचा धडा प्रश्नचिन्हांनी भरलेला पाहून बाबा करवादले.

"बाई म्हणतात, वाचताना जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तसंच पुढे रेटायचं नाही."

"म्हणजे तुझं पानोपानी अडतं!"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात नव्या मशीनच्या कागदांवर सह्या चालल्या होत्या. बाबांनी काल घरी नेलेला आपला कागद उघडला. 'मला या मशीनचे प्रशिक्षण मिळाले आहे' या ओळीपुढे लेकीच्या पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं.

"करा की सही! काय अडलंय?" सुपरवायझर खेकसला.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "हेच अडलंय, साहेब. ट्रेनिंग कधी दिलंत?"

रांगेतले सगळे आपापला कागद पुन्हा वाचू लागले. मग मागून आवाज आला, "कुणाकडे पेन्सिल आहे का रे?"